बँडवाल्याच्या पोराला कागद वाचू द्या

महिन्याभरापूर्वी गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात चाळीसेक माणसं जमली होती. मुलांच्या संगीतशिक्षणासाठी थोडा निधी जमला आहे, तो कशावर खर्चावा, एवढाच विषय. एकाने उठून सुचवलं की ट्रम्पेट, फ्रेंच हॉर्न, ट्रॉम्बोन, ट्युबा ही पितळी वाद्यं शिकायची नाशकात धड सोय नाही, ती करू. यातली दोन-चार मुलं पुढे सिम्फनी ऑर्केस्ट्रात वाजवतील. झालं, सभा दोन तुकड्यांत फुटली. एका बाजूचं म्हणणं, ज्या गावाचा ढोल देशभर 'नाशिक ढोल' म्हणून ओळखला जातो, त्या गावाने परक्यांची वाद्यं कशाला शिकवायची? दुसऱ्या बाजूचं म्हणणं, हा कोतेपणा झाला, आपण जागतिक दर्जाची अकादमी काढू, परदेशातून शिक्षक बोलावू. दीड तास हेच चाललं. मधूनच एका पालकाने विचारलं, "पण यात करिअर आहे का?" त्यावर दोन्ही बाजू सारख्याच गप्प झाल्या. या दीड तासात एक शब्द कुणाच्याच तोंडून निघाला नाही. तो शब्द म्हणजे 'बँडवाले'. जुन्या नाशकात चार-पाच पिढ्या पितळी वाद्यं फुंकणारी घरं आहेत, हे त्या सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. प्रत्येकाच्या लग्नात ती माणसं येऊन वाजवून गेली आहेत.

माझं मत आधीच सांगतो. नाशकात पितळी वाद्यांचं शास्त्रशुद्ध शिक्षण सुरू व्हायलाच हवं आणि त्याची पहिली तुकडी बँडवाल्यांच्या मुलामुलींची असायला हवी. त्यासाठी अकादमीची इमारत लागत नाही. रोज संध्याकाळी दोन तास मिळणारी एक खोली आणि कागदावरचे सूर वाचायला शिकवणारा एक माणूस एवढ्यावर ते सुरू होतं. त्यातून किती जण ऑर्केस्ट्रात बसतील, हा प्रश्न नंतरचा. तो टाळायचा नाही, पण त्यापासून सुरुवातही करायची नाही.

'ऑर्केस्ट्रा' म्हटलं की आपल्याकडे गणपतीतला हिंदी गाण्यांचा कार्यक्रम डोळ्यांपुढे येतो, म्हणून थोडा खुलासा. सिम्फनी ऑर्केस्ट्रात ऐंशी ते शंभर वादक असतात. त्यातले निम्म्याहून जास्त व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि डबल बेस वाजवणारे. पितळी वाद्यं मागच्या रांगांत: साधारण चार हॉर्न, दोन किंवा तीन ट्रम्पेट, तीन ट्रॉम्बोन आणि एकच ट्युबा. म्हणजे सगळी मिळून दहा-अकरा माणसं. या वाद्यांचा सगळा खेळ ओठांचा. माउथपीसवर ओठ आवळून हवा सोडली की ओठ थरथरतात, त्या थरथरण्याचाच सूर होतो; पितळेची नळी त्याला आकार देते आणि पिस्टन दाबले की, ट्रॉम्बोनमध्ये नळी सरकवली की, तिची लांबी बदलते. पुढचे पक्के दात आले की, म्हणजे आठव्या-दहाव्या वर्षी, मूल हे वाद्य धरू शकतं. तिथून पुढे रोज लांब सूर धरायचे, ओठांची ताकद वाढवायची, श्वास पोटातून घ्यायचा. हे काम व्हिएन्नाच्या वादकाला चुकत नाही आणि जुन्या नाशकात भद्रकालीतल्या बँडवाल्यालाही चुकत नाही.

त्या सभेनंतर मी भद्रकालीतल्या एका बँडच्या दुकानात जाऊन बसलो. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. भिंतीवर खिळ्यांना टांगलेले लाल कोट आणि खाली गोणपाटावर ओळीने ठेवलेली वाद्यं. बँडच्या मास्तरांचा बारा वर्षांचा नातू कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटचं आखूड भावंड, पुसत होता. माउथपीसचा मुलामा एका कडेने पार उडालेला, आतलं पिवळं पितळ दिसत होतं, आणि पोराच्या वरच्या ओठावर तिथेच एक गोल वळ होता. मी त्याला एकच सूर, जमेल तितका लांब धरायला सांगितलं. मोबाइलवर मोजलं, सतरा सेकंद भरले, आणि शेवटपर्यंत सूर हलला नाही. मग मी एक गाणं गुणगुणलं. त्याने ते वाजवलं, आजोबांनी "अर्ध्या सुराने खाली घे" म्हटल्यावर तसंही वाजवलं. अर्ध्या सुराने खाली घेतल्यावर तिन्ही पिस्टनांची बोटं पार बदलतात. ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं, कानाने सापडलं होतं. मी लहानपणी चार वर्षं शाळेच्या बँडात कॉर्नेट वाजवलंय आणि मला ते कधीच जमलं नाही. मग मी सोबत नेलेला एक कागद पुढे ठेवला, पाच रेघा आणि त्यावर आठ मात्रांची अगदी सोपी ओळ. पोराने कागद उलटासुलटा करून बघितला आणि माझ्याकडे पाहिलं. आजोबांनीही पाहिलं. "आमच्यात कागद नाय," ते म्हणाले.

'आमच्यात कागद नाय' या तीन शब्दांत मला सगळा प्रश्न दिसतो. त्यांच्याकडे ओठ आहेत, कान आहे, दम आहे, चार तास चालता चालता वाजवायची ताकद आहे. फक्त कागद नाही. आणि हा कागद त्यांच्यापर्यंत पोचला नाही, कारण तो पोचवावा असं या गावात कुणाला वाटलं नाही.

आता विरोधकांचे मुद्दे. त्यातला पहिला, जागा नाहीत, हा खरा आहे आणि त्याला फाटे फोडण्यात अर्थ नाही. शिकागो सिम्फनीत आर्नल्ड जेकब्ज यांनी १९४४ ते १९८८ अशी चव्वेचाळीस वर्षं ट्युबा वाजवला. म्हणजे एवढा काळ जगातल्या एका उत्तम ऑर्केस्ट्रातली ट्युबाची एकुलती एक खुर्ची रिकामीच झाली नाही. त्याच ऑर्केस्ट्रात ॲडॉल्फ हर्सेथ १९४८ साली मुख्य ट्रम्पेटवादक झाले आणि २००१ मध्ये त्या खुर्चीवरून उठले. युरोप-अमेरिकेत एक जागा निघाली की शेकड्यांनी अर्ज येतात; पंधरा वर्षं घासलेला तरुण पडद्यामागे बसून पाच-सात मिनिटं वाजवतो आणि एक स्वर घसरला म्हणून घरी जातो. आपल्या देशात पगारी व्यावसायिक सिम्फनी ऑर्केस्ट्रा म्हणावा असा एकच आहे, मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ साली सुरू झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया. ज्या पालकाने सभेत करिअरबद्दल विचारलं, त्याला कुणी गोड गोड उत्तर दिलं असतं तर ती फसवणूक झाली असती.

पण याच ऑर्केस्ट्राकडे दुसऱ्या बाजूने बघा. खुश्रू सनटूक यांच्याबरोबर तो उभा करणारे मरात बिसेंगालिएव्ह हे कझाकस्तानचे व्हायोलिनवादक, आणि त्यातले बरेचसे वादक आजही परदेशातून येतात. तो जिथे आहे ते मुंबईचं नरिमन पॉइंट नाशिकपासून पावणेदोनशे-एकशेऐंशी किलोमीटरवर. पहाटेच्या गाडीने निघालेला माणूस दुपारच्या आत पोचतो. तिथल्या खुर्च्यांवर बसायला माणसं हजारो किलोमीटरवरून यावी लागतात, कारण इथे तयार माणूस नाही. मग जागा नाहीत म्हणून शिकवायचं नाही, की शिकवलं नाही म्हणून त्या जागा आपल्या नाहीत? शिवाय ऑर्केस्ट्रा ही या विद्येची एकमेव नोकरी कधीच नव्हती. लष्कर, नौदल, हवाई दल, पोलीस या सगळ्यांचे बँड आहेत, त्यांत म्युझिशियन म्हणून भरती होते, आणि तिथे कागद वाचूनच वाजवतात. मध्य प्रदेशात पचमढीला लष्कराचं स्वतःचं संगीत-प्रशिक्षण केंद्र आहे. नाशिकरोडचं तोफखाना केंद्र आणि महाराष्ट्र पोलीस अकादमी आपल्याच गावात आहेत. दीक्षांत संचलनात बँड वाजताना आपण उभे राहून फोटो काढतो. भद्रकालीच्या पोराला या बँडात जाण्यापासून काय अडवतं? त्याचा सूर कमी पडत नाही. कमी पडतो तो दहावीचा दाखला आणि कागद.

आणि करिअरचा हा प्रश्न आपण इतरांना विचारतो का? अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना दरवर्षी किती मुलं बसतात, कुठल्याही गल्लीतल्या गायनाच्या क्लासला विचारा. त्यातली किती जणं मैफलीवर पोट भरतात? तरी प्रारंभिक परीक्षेला बसलेल्या आठ वर्षांच्या मुलीच्या आईला कुणी "यात करिअर आहे का" म्हणून अडवत नाही. तिला गाणं आलं, तिचा कान तयार झाला, एवढं आपल्याला पुरतं. मग बँडवाल्याच्या पोराने कागद वाचायला शिकावं म्हटलं की आपण लगेच नोकऱ्यांची मोजदाद का काढतो? गरिबाच्या शिक्षणाकडे फक्त पगाराच्या फुटपट्टीने बघायची सवय आपल्याला लागली आहे आणि ती मला अन्यायाची वाटते.

दुसरा मुद्दा परकेपणाचा. हे संगीत युरोपातल्या चर्चमध्ये, दरबारांत आणि छावण्यांत वाढलं, आणि आपल्याकडे ते राज्यकर्त्यांच्या फौजेबरोबर आलं, हे मान्यच करायला हवं. पण आपल्या लोकांनी ते कधी हाती घेतलं, हेही बघू. तंजावरचे सरफोजीराजे, १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेले मराठे राजे, त्यांनी दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड बाळगला होता. व्हायोलिन तर कर्नाटक संगीतात असं रुजलं की त्याच्याशिवाय मैफल उभी राहत नाही. आपल्या संगीत नाटकाचा ऑर्गन काय देवगिरीच्या यादवांपासून चालत आला होता? पुणतांब्यात जन्मलेले सी. रामचंद्र हिंदी चित्रपटांत मोठे झाले, त्यांच्या शेजारी ट्रम्पेट घेऊन चिक चॉकलेट हा गोव्याचा वादक बसला होता, आणि त्या दोघांनी मिळून केलेली गाणी आपल्या आजोबांनी रेडिओला कान लावून ऐकली. कॉर्नेट दीडशे वर्षं आपल्या वराती वाजवतंय. एवढ्या काळात ते परकं उरलं असेल, तर ते आपण परकं ठेवलं म्हणून.

इथे ढोलाबद्दल एक गोष्ट बोलायची आहे, आणि ढोलावर माझं प्रेम आहे हे सांगून बोलतो. गणपतीच्या दोन महिने आधी गोदाकाठी सराव सुरू झाला की मी मुद्दाम तिकडून घरी जातो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मिरवणुकीत ढोल बडवणं सुशिक्षित घरातल्या मुलांचं काम मानलं जात नव्हतं. मग पथकं निघाली, इंजिनिअरिंगची मुलं, डॉक्टर मुली कमरेला ढोल बांधून उभ्या राहिल्या आणि ढोलाला प्रतिष्ठा आली. फार चांगलं झालं. पण कॉर्नेट कुणी ओठाला लावलं नाही. का? मला याचं उत्तर जुनं वाटतं. ढोल हाताने वाजतो. पितळी वाद्य तोंडाने वाजतं, थुंकी आत जाते, ते उष्टं. सनई, तिला साथ धरणारं 'सूर' हे वाद्य, शिंग, तुतारी, ही तोंडाची वाद्यं गावगाड्यात ठराविक समाजांकडेच राहिली. वाजंत्र्यांशिवाय मंगलकार्य व्हायचं नाही, आणि जेवणाच्या पंगतीत वाजंत्री सगळ्यांच्या शेवटी, बाहेर. आजही वरात पोचली की बँडवाल्यांना मंडपाच्या मागच्या बाजूला ताटं मिळतात. "त्याचा बँड वाजला" हा वाक्प्रचार आपण हसत वापरतो. त्यात कुणाचा धंदा हेटाळला जातो, ते मनातही येत नाही. सभेत 'बँडवाले' हा शब्द निघाला नाही, तो विसरला गेला म्हणून निघाला नाही असं मला वाटत नाही.

आता ज्यांना जागतिक दर्जाची अकादमी हवी आहे, त्यांच्याशी बोलू. त्यांची समजूत अशी की ऑर्केस्ट्राचा वादक संगीत विद्यालयाच्या संगमरवरी पायऱ्यांवर जन्मतो. इतिहास पार वेगळा आहे. जगातल्या कितीतरी संगीत विद्यालयांनी ज्याचा कित्ता गिरवला, ते पॅरिसचं कॉन्झर्व्हेटरी एका बँडातून निघालं. क्रांतीच्या धामधुमीत उघड्या मैदानावर राष्ट्रीय उत्सव व्हायचे, तिथे व्हायोलिन ऐकूच जायचं नाही, फुंकायची वाद्यं लागायची. ती वाजवणारे तयार करायला बर्नार सारेत यांनी १७९२ साली राष्ट्रीय रक्षक दलाच्या बँडची मोफत शाळा काढली. तिचाच विस्तार होऊन १७९५ मध्ये कॉन्झर्व्हेटरी झालं. तिथे पुढे ज्यां-बातिस्त आर्बां यांनी कॉर्नेट शिकवलं. त्यांनी १८६४ मध्ये छापलेलं स्वाध्यायांचं पुस्तक आजही जगभरच्या ट्रम्पेटवादकांच्या स्टँडवर असतं. आणि ते पुस्तक मुळात कुठल्या वाद्यासाठी लिहिलं? कॉर्नेटसाठी. भद्रकालीच्या गोणपाटावर पडलेलं असतं, त्याच वाद्यासाठी.

विसाव्या शतकातही हेच दिसतं. मोरिस आंद्रे, ज्यांनी ट्रम्पेटला एकलवादनाचं मोठं वाद्य बनवलं, ते फ्रान्समधल्या खाणकामगाराचे चिरंजीव. स्वतः खाणीत उतरलेले. कॉन्झर्व्हेटरीची फी परवडेना, म्हणून १९५१ मध्ये लष्करी बँडात भरती झाले, कारण त्या बँडातल्यांना प्रवेश मोफत होता. इंग्लंडच्या उत्तरेला कोळशाच्या खाणींचे आणि कापडगिरण्यांचे बँड असत. दिवसा पाळी, संध्याकाळी सराव. त्यातल्या ब्लॅक डाइक मिल्स बँडात मोरिस मर्फी मुख्य कॉर्नेट वाजवायचे. तेच पुढे १९७७ ते २००७ अशी तीस वर्षं लंडन सिम्फनीचे मुख्य ट्रम्पेटवादक होते. गिरणीच्या बँडातून जगातल्या पहिल्या रांगेत. त्या गिरणी-बँडात आणि आपल्या लग्न-बँडात फरक काय होता? ओठ सारखे, दम सारखा, गरिबीही सारखीच. तिथे संध्याकाळच्या सरावाला कागद होता.

गोव्याचं उदाहरण तर आणखी जवळचं. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांत मुलांना सोल-फा, म्हणजे त्यांचं सारेगम, आणि स्वरलिपी शिकवत, व्हायोलिन शिकवत. हेतू प्रार्थनेचा होता. पण त्या शाळांतून बाहेर पडलेली मुलं मुंबईला आली, तेव्हा हॉटेलांत, जहाजांवर आणि पुढे चित्रपटांच्या रेकॉर्डिंगमध्ये त्यांना काम मिळालं, कारण पुढ्यात कागद ठेवला की ती लगेच वाजवू शकत. फ्रँक फर्नांड, ख्रिस पेरी हे ट्रम्पेटवादक, अँथनी गोन्साल्विस, सबॅस्टियन डिसूझा हे संयोजक याच रांगेतले. त्याच काळात मुंबईत मराठी आणि उत्तरेकडचे बँडवालेही होते, हातात तीच वाद्यं होती. ते रस्त्यावरच राहिले. दोघांच्या सुरात जमीन-अस्मानाचा फरक होता असं मानायला मी तयार नाही. पुढे संगणक आणि सिंथेसायझर आले, रेकॉर्डिंगमधली ती कामंही आटली, हे खरं आहे. ते दिवस परत येतील अशी आशा मी कुणाला दाखवत नाही. पण कित्येक वर्षं कितीतरी घरं एका कागदावर जगली, हे घडून गेलेलं आहे.

सगळ्यात जड मुद्दा सभेत कुणी मांडलाच नाही, तो मला मास्तरांच्या सुनेने ऐकवला. ती म्हणाली, "भाऊ, पोराला यातून काढायचंय आम्हाला. तुम्ही आणखी आत ढकलताय." तुळशीचं लग्न लागलं की हंगाम सुरू होतो, तो जूनपर्यंत. रात्री बाराला वरात संपते, सकाळी शाळा बुडते, परीक्षा नेमक्या लग्नसराईत येतात. डीजे आल्यापासून सुपाऱ्या कमी झाल्या, जी येते तिच्यात वीस जणांच्या जागी आठ माणसं मागतात. मग अशा घरातल्या मुलाला आयटीआय सोडून ट्रम्पेट शिकवणं हा आपला, पोटभरल्या माणसांचा छंद तर नव्हे? या प्रश्नाने मी दोन रात्री झोपलो नाही. तिचं म्हणणं निम्मं मला पूर्ण मान्य आहे: शाळा सुटता कामा नये. शाळेच्या बदल्यात संगीत, असा सौदा कुणी मांडला तर त्याला मी स्वतः विरोध करेन. पण उरलेल्या निम्म्याबद्दल मी तिला एवढंच म्हणालो की वहिनी, पोरगा आत आहेच. या हंगामात तो वाजवणार आहे, पुढच्याही वाजवणार आहे. प्रश्न एवढाच, की तो रोजंदारीवर वाजवत राहणार, की त्याच वाजवण्याच्या जोरावर बाहेर पडायचं दार त्याला दिसणार? ती काही बोलली नाही. तिला पटलं असं मी म्हणत नाही.

बाराव्या वर्षी वाचायला शिकून काय होणार, असंही कुणी म्हणेल. आपल्या जिल्ह्यातलं उत्तर सांगतो. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा एक मुलगा १८७५ साली बारा वर्षांचा होता आणि त्याला अक्षरओळखही नव्हती. त्याला बडोद्याला नेलं, दत्तक घेतलं, शिक्षक नेमले, रोज तासन्‌तास बसवून शिकवलं. तो सयाजीराव गायकवाड झाला. त्याच सयाजीरावांनी १८८६ मध्ये गवई मौलाबक्षांकडून बडोद्यात गायनशाळा उभी करवली, जिथे स्वरलिपीतून संगीत शिकवलं जाई. आणि विष्णु दिगंबर पलुस्कर, ज्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून गाणं गुरूच्या घरातून चार लोकांच्या वर्गात आणलं, कागदावर उतरवलं, त्यांनी उत्तरायुष्यात आपल्या पंचवटीत रामनाम आधार आश्रम स्थापला. गाणं कागदावर मरतं, असं त्या काळात त्यांनाही पुष्कळांनी ऐकवलं होतं. कागदाने ख्याल मेला नाही. कागदाने कानही मरत नाही. मास्तरांच्या नातवाचा कान त्याच्यापाशीच राहील, वर डोळे मिळतील.

ऑर्केस्ट्राच्या निवडीत मला एक गोष्ट मनापासून आवडते. उमेदवार पडद्यामागे वाजवतो. कित्येक ठिकाणी जमिनीवर गालिचा टाकतात, म्हणजे पावलांच्या आवाजावरून बाई की पुरुष हेही कळू नये. १९८० साली म्युनिक फिलहार्मोनिकने पडद्यामागे सर्वोत्तम ठरवलेला ट्रॉम्बोनवादक पडदा सरल्यावर ॲबी कोनंट नावाची स्त्री निघाली. पुढे तिला दुय्यम जागेवर बसवलं आणि आपल्या खुर्चीसाठी ती १९९३ पर्यंत लढत राहिली. म्हणजे पडदा सगळे अन्याय मिटवतो असं नाही. पण पहिल्या फेरीत तरी आडनाव, गल्ली, कोटाचा रंग यांतलं काही ऐकू येत नाही, फक्त सूर ऐकू येतो. आपल्या गावातल्या किती निवडी अशा होतात? आणि बँडवाल्यांच्या घरातल्या मुलींचं काय? त्यांना तर कुणी रस्त्यावरही उभं करत नाही. त्यांच्यासाठी संध्याकाळचा वर्ग हीच वाद्य ओठाला लावायची पहिली संधी असेल.

सभेनंतर मी माझ्या ओळखीच्या एका निवृत्त हवालदारांना दुकानात घेऊन गेलो. देवळालीला राहतात, बावीस वर्षं लष्करी बँडात युफोनियम, ट्युबाच्या घरातलं धाकटं पितळी वाद्य, वाजवलंय. मास्तर सुरुवातीला घुश्श्यातच होते, आपल्या नातवाला दुसऱ्याने शिकवायचं म्हणून. हवालदारांनी आधी मास्तरांना वाजवायला लावलं, स्वतः ऐकत बसले आणि म्हणाले, "असा सूर माझ्या पलटणीत दोघांचा होता." मग पोराला कागदावर एक आडवी जाड रेघ दाखवली, वर आकडा लिहिलेला, १६.

"इथं काय वाजवायचं?"

"काही नाही. सोळा घरं मोजायची. प्रत्येकात चार मात्रा. मग घुसायचं."

पोराला ते कळेना. वरातीत गप्प बसायचं नसतंच. एक थांबला की दुसरा उचलतो, आवाज तुटला की घोड्यावरचे ओरडतात. हवालदारांनी मला विचारून बीथोव्हनच्या पाचव्या सिम्फनीची गोष्ट त्याला सांगितली: तीन ट्रॉम्बोनवाले सगळ्यांबरोबर येऊन बसतात, वीसेक मिनिटं, तीन पूर्ण भाग, एक सूर वाजवत नाहीत, चौथ्या भागाच्या पहिल्या ठोक्याला घुसतात तेव्हा सभागृह हलतं. ओठ थंड पडू द्यायचे नाहीत, वाद्य हातात ऊबदार ठेवायचं आणि मोजत राहायचं. ऑर्केस्ट्रातल्या पितळी वादकाचं अर्धं शिक्षण हे मोजण्याचं असतं. पोरगा पहिल्यांदा अकराव्या घरातच घुसला. दुसऱ्यांदा चौदाव्या. तिसऱ्यांदा त्याने बोटं मांडीवर टेकवली, ओठ हलवत मोजायला लागला. मास्तरही त्याच्याबरोबर मोजत होते, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मोजणी दहाच्या पुढे गेली होती.

तर त्या निधीचं काय करायचं, ते मी पत्राने कळवलं आहे. इमारत नको. मनपाच्या जुन्या नाशकातल्या शाळा संध्याकाळी कुलूपबंद असतात, त्यांतली एक खोली सहा ते आठ. हवालदारांसारख्या माणसाला नियमित मानधन, आणि मास्तरांनाही, कारण कान तेच शिकवणार. दहा मुलं, त्यांत निदान चार मुली, प्रत्येकाला स्वतःचं माउथपीस. शाळेत हजेरी असेल तरच वर्गात प्रवेश, म्हणजे सुनेची भीती आपली जबाबदारी होईल. लंडनच्या मंडळांच्या आठ श्रेणींच्या परीक्षा भारतात होतात, दोन वर्षांनी त्यातल्या पहिल्या-दुसऱ्या श्रेणीला बसवायचं, फी निधीतून. आणि वर्षातून एकदा कालिदास कलामंदिरात बँडवाल्यांचा कार्यक्रम, लोकांनी खुर्च्यांवर बसून ऐकायचा. अकादमीवाल्यांचं म्हणणंही मी टाकून देत नाही. हॉर्न आणि ट्रॉम्बोनचे तयार शिक्षक इथे नाहीत, ते पाच-सहा वर्षांनी बाहेरूनच आणावे लागतील, पण तेव्हा त्यांच्यासमोर कागद वाचणारी मुलं बसलेली असतील.

पत्राला अजून उत्तर आलेलं नाही. पुढची बैठक आश्विनात आहे म्हणे. तुळशीच्या लग्नाच्या महिनाभर आधी खोलीची किल्ली मिळाली, तर हंगाम सुरू होण्यापूर्वी त्या पोराच्या हाती निदान महिनाभराच्या संध्याकाळी येतील.